घराजोगा कुत्रा

मनुष्याने जे प्राणी माणसाळविले, त्यांत कुत्र्याचा मान पहिला आहे. गाय, घोडा, शेळी, मेंढी ही सर्व जनावरे त्याच्या मागून मनुष्याच्या दारी आली. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक अतिप्राचीन कबर सापडली. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ कुत्र्याच्या एका पिल्लाची हाडे होती. पुढे संशोधकांनी त्या पिल्लाचे दात तपासले, तेव्हा ते मरणापूर्वी कित्येक आठवडे कठीण रोगाने आजारी असावे, असे त्यांना आढळून आले. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचे, ना राखणीच्या. मनुष्याच्या शुश्रूषेवाचून ते इतके दिवस जगलेही नसते. म्हणजे ज्यांना शेतीही ठाऊक नव्हती, अशा त्या माणसांनी निरुपयोगी झालेल्या पिल्लास टाकून दिले नाही.

कुत्रा पाळणे म्हणजे काय, हे त्या कबरीवरून कळते. परंतु कुत्रा घरी आणताना इतका विचार थोडेच लोक करतात. कोणास चित्रपटात दिसलेला कुत्रा आवडतो, कोणास शेजाऱ्याच्या कुत्र्याचे केस आवडतात. कोणी तो किती मोठा दिसतो एवढेच पाहतो. केवळ रूप पाहून कुत्रा आणणे हे छिद्रे न तपासता रंग पाहून छत्री विकत घेण्यासारखे आहे. छत्री गळू लागली तर ती टाकून देता येते. कुत्रा मात्र जिवंत प्राणी आहे. म्हणून ‘कोणता कुत्रा सुंदर?’ हा प्रश्न मागून विचारावा. ‘आपले घर कसे आहे आणि ते कुत्र्यास काय देऊ शकेल?’ हा प्रश्न आधी विचारावा. या प्रश्नाचे उत्तर घरोघरी कसे बदलते, हे एका गावाच्या उदाहरणावरून चांगले समजेल.

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यात कोहमारा नावाचे गाव आहे. मुंबईहून कोलकात्यास जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता हे दोन्ही येथे एकमेकांस छेदतात. त्यामुळे येथील चौकात मालमोटारींची वर्दळ रात्रंदिवस चालू असते. चौक मागे टाकून थोडे पुढे गेले की धानाच्या बांध्या लागतात. मध्ये मध्ये बोड्या आणि तलाव दिसतात. त्यांच्याही पलीकडे साग, ऐन, मोह व तेंदू यांचे रान आहे. महामार्गाच्या दक्षिणेस नवेगावचे आणि उत्तरेस नागझिऱ्याचे जंगल पसरलेले आहे. नागझिरा हे १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव हे १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली ही जंगले मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. रस्ता, शेत आणि रान ही तिन्ही जेथे इतकी जवळ आहेत, तेथे कुत्र्याची निवड हा मौजेचा विषय राहत नाही. ती चुकली, तर कुत्र्याच्या, माणसाच्या आणि वन्य प्राण्यांच्याही जिवावर बेतू शकते.

कुत्र्यांच्या जाती इतक्या भिन्न का झाल्या, हे आधी पाहू. सर्व कुत्रे लांडग्याच्या कुळातील होत. मनुष्याने आपापल्या कामास उपयोगी पडतील असे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडले आणि त्यांचीच संतती वाढविली. जेथे मेंढ्या होत्या तेथे त्यांना वळविणारा कुत्रा तयार झाला. जेथे बर्फ होते तेथे घसरगाडी ओढणारा तयार झाला. मोकळ्या माळावर सशामागे धावणारा तयार झाला. म्हणून प्रत्येक जातीच्या अंगात एक काम आणि एक देश मुरलेला असतो.

उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील हस्की कुत्र्याचेच उदाहरण घ्यावे. १९२५ सालच्या आरंभी अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली. गावात औषध उरले नव्हते आणि बर्फामुळे तेथे पोहोचण्याचे इतर मार्ग बंद होते. तेव्हा २० गाडीवानांनी सुमारे १५० कुत्र्यांच्या साहाय्याने औषधाची पेटी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत, जवळजवळ १,०८५ किलोमीटरांची वाट साडेपाच दिवसांत तोडली आणि गावाचे प्राण वाचविले. त्या कुत्र्यांच्या अंगावरील दाट, दुहेरी केसांनीच त्यांना त्या थंडीत तारले.

आता तोच कुत्रा मे महिन्यात कोहमाऱ्यास आणला तर काय होईल? गोंदिया भागात त्या दिवसांत पारा कित्येकदा ४५ अंशांच्या आसपास जातो. मनुष्यास घाम येतो आणि घाम वाळताना अंग निवते. कुत्र्याच्या अंगास मनुष्याप्रमाणे घाम येत नाही. त्याच्या पंजांच्या तळव्यांस तेवढा थोडा घाम येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय आहे. बाहेरची हवाच तापलेली असेल, तर हा उपाय अपुरा पडतो. बर्फात ज्याने माणसांचे प्राण राखले, त्याचेच प्राण येथे उन्हाने कासावीस होतील. आखूड, चपट्या नाकाच्या पग कुत्र्याचे हाल निराळ्या कारणाने होतात. त्याचा श्वासमार्गच अरुंद असल्यामुळे त्यास पुरेशा धापाही टाकता येत नाहीत. यात दोष कुत्र्याचा नाही. त्याला भलत्या ठिकाणी आणणाऱ्याचा आहे.

हवा जुळली म्हणजे निवड झाली, असेही नाही. कामही जुळावे लागते. दख्खनच्या पठारावरील मुधोळ कुत्रा याचे चांगले उदाहरण आहे. त्याला महाराष्ट्रात कारवानी असेही म्हणतात. लांब पाय, बारीक कंबर, निमुळते तोंड आणि तीक्ष्ण नजर ही त्याची लक्षणे होत. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली होती. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय जातींच्या कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ कुत्र्यास स्थान मिळाले. हा कुत्रा आपल्या देशातला, उन्हास सरावलेला आणि चपळ आहे. तथापि तो नजरेने शिकार हेरणारा आहे. पळते जनावर दिसले की तो बाणासारखा सुटतो. मग मागून मारलेली हाक त्याच्या कानी शिरत नाही. मोकळ्या माळावर हा त्याचा गुण. रानाच्या कडेला हाच त्याचा दोष होतो.

आता कोहमाऱ्यासारख्या गावातील निरनिराळ्या घरांचा विचार करू.

समजा, एकाचे चौकात चहाचे दुकान आहे. तेथे अनोळखी माणसे सारखी येतात आणि दहा-वीस पावलांवरून मोटारी धावतात. प्रत्येक नव्या माणसावर धावून जाणारा कुत्रा तेथे गिऱ्हाईक टिकू देणार नाही, आणि उनाड, धावरा कुत्रा स्वतः चाकाखाली जाईल. अशा ठिकाणी शांत स्वभावाचा कुत्रा हवा. तोही शक्य तर वाढलेला असावा. पिल्लू मोठेपणी कसे निघेल हे आज सांगता येत नाही. वाढलेल्या कुत्र्याचा स्वभाव मात्र डोळ्यांनी पाहता येतो. गल्लीतील एखादा समजूतदार गावठी कुत्रा, जो मोटारीचा आवाज ऐकून आपण होऊन बाजूस होतो, तो या दुकानास महागड्या कुत्र्यापेक्षा अधिक शोभेल. रात्री मोटारीच्या उजेडात चमकणारा पट्टा त्याच्या गळ्यात घातला, तर त्याचा धोका पुष्कळ कमी होईल.

दुसरे घर रानालगतच्या शेतकऱ्याचे आहे. धान भरू लागले की रानडुकरे बांध्यांत शिरतात. या शेतकऱ्यास वाटते की, धिप्पाड कुत्रा आणला म्हणजे राखणीची चिंता मिटली. पण राखण्या कुत्र्याचे खरे काम लढण्याचे नव्हे, तर जागे करण्याचे असते. कितीही धिप्पाड कुत्रा असला, तरी बिबट्यापुढे त्याचे काही चालत नाही. उलट कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे. म्हणून या घरी तीक्ष्ण कानांचा आणि खणखणीत आवाजाचा मध्यम आकाराचा कुत्रा पुरेसा आहे. मात्र रात्री तो अंगणात खुंटास बांधून ठेवू नये. बांधलेल्या कुत्र्यास पळताही येत नाही आणि त्याच्या वासाने बिबट्या मात्र दारापर्यंत येतो. रात्री त्याला पडवीत कुडाआड किंवा भक्कम दाराच्या आत घ्यावे. आतून भुंकला तरी तो घरास जागे करतोच.

तिसरे घर गुराख्याचे. तो दिवसभर गुरांबरोबर हिंडतो. त्याच्या कुत्र्यास व्यायामाची ददात नाही. परंतु येथे कुत्र्याचा आज्ञाधारकपणा सर्वांत मोलाचा ठरतो. चितळाचा कळप दिसताच जो कुत्रा गुरे सोडून त्याच्यामागे धावतो, तो गुराख्याच्या कामाचा नाही आणि रानाच्याही हिताचा नाही. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्यास जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. कुत्रा अस्वलावर किंवा बिबट्यावर भुंकत जातो, आणि ते जनावर उलटले की घाबरून आपल्या धन्याच्या पायांशी धावत येतो. अशा वेळी त्याच्यामागून येणारे संकटही धन्यावरच येते. म्हणून रानात जाताना कुत्रा घरीच ठेवणे शहाणपणाचे. अभयारण्यात तर पाळीव कुत्रा नेताच येत नाही.

चौथे घर नोकरी करणाऱ्या कुटुंबाचे आहे. आईवडील सकाळी कामावर जातात, मुले शाळेत जातात आणि घराला दिवसभर कुलूप असते. या घरातील मुलांनी जर्मन शेफर्ड कुत्र्याचा हट्ट धरला आहे. हा कुत्रा महाराष्ट्रात अल्सेशियन या नावानेही ओळखला जातो. जर्मनीतील माक्स फॉन स्टेफानित्स या सैनिकी अधिकाऱ्याने १८९९ सालापासून मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात घडविली. हा कुत्रा अत्यंत हुशार आहे, म्हणूनच त्यास रिकामपण सोसत नाही. दिवसभर कोंडला गेला तर तो रडतो, दारे ओरबाडतो, चिडखोर होतो. आणि मग लोक म्हणतात, ‘कुत्रा वाईट निघाला.’ वस्तुतः वाईट निघाली ती निवड. या घरी दुपारी एखादी आजी असेल, तर शांत, वयस्क कुत्रा तिच्या सोबतीस छान रमेल. कोणीच नसेल, तर तूर्त कुत्रा न आणणे हीच खरी निवड होय. कुत्रा नाकारणे यातही कुत्र्यावरील प्रेमच असू शकते.

या चार घरांचा विचार केला असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्या गावठी कुत्र्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, तोच बहुतेक घरांस जुळतो. त्याची जात कोणी मुद्दाम घडविली नाही. ऊन, पाऊस, भूक आणि रोग यांनी ती घडविली. जे टिकले त्यांचीच संतती पुढे चालली. म्हणून त्याचे केस आखूड, अंग मध्यम, पाय चपळ आणि कान सावध असतात. येथील हवा त्याला निराळी शिकावी लागत नाही. मात्र ‘गावठी आहे, कसाही जगेल’ असे मानणे चूक आहे. शिळ्या भातावर आणि चहात बुडविलेल्या बिस्किटांवर त्याचे पोषण होत नाही. भात-भाकरीबरोबर त्यास वरण, अंडे किंवा मासळी मिळावी, आणि स्वच्छ पाणी सदैव भांड्यात असावे. कांदा आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषासमान आहेत. शिजविलेली हाडे घशात किंवा आतड्यांत रुततात.

कुत्रा कोणताही असो, लस टोचण्यास पर्याय नाही. पिसाळ रोगाचे विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेत असतात आणि चाव्यावाटे मनुष्याच्या शरीरात शिरतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. परंतु वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचली आणि तो मुलगा वाचला. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्याकडून त्यास ही लस द्यावी आणि पुढे त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती नियमाने देत राहावी. कोणासही कुत्रा चावला किंवा त्याच्या नखांनी ओरखडे उठले, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना लावून घरी बसणे म्हणजे मृत्यूस वेळ देणे होय. मुलांनी तर मार बसेल या भीतीने चावा कधीही लपवू नये.

रानालगतच्या गावात आणखी एक लस महत्त्वाची ठरते. कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य रोग असतो. ओबरकासेलच्या त्या पिल्लासही हाच रोग झाला असावा, असे संशोधक मानतात. हा रोग वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात या रोगाने सुमारे एक हजार सिंह मेले. गावांतील कुत्र्यांपासून तो तेथे पोहोचला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. गुजरातमधील गीरच्या सिंहांतही २०१८ साली हाच विषाणू आढळला. नागझिऱ्यात वाघ आहेत, बिबटे आहेत आणि रानकुत्र्यांचे कळपही आहेत. गावातील एका कुत्र्यास टोचलेली लस त्या सर्वांचे अंशतः रक्षण करते. ज्याच्या कुत्र्यास लस दिलेली आहे आणि ज्याचा कुत्रा रानात मोकाट हिंडत नाही, तो जंगल राखण्याच्या कामी वनरक्षकास साहाय्यच करीत असतो.

पिल्लूच आणावयाचे ठरले, तर काही गोष्टी पाहून घ्याव्या. ते निदान आठ आठवडे आपल्या आईजवळ राहिलेले असावे. दुधाबरोबर ते तेथे एक मोठा धडाही शिकते. खेळताना भावंडास जोराने चावले की ते भावंड ओरडते आणि खेळ थांबतो. दात कोठवर लावावे, हे पिल्लास असे कळते. फार लवकर तोडून आणलेल्या पिल्लाचा हा धडा कच्चा राहतो. त्याचे डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे आणि केस तुकतुकीत असावेत. सर्वांना ढकलून पुढे येणारे आणि कोपऱ्यात थरथरत बसणारे, ही दोन्ही टाळून मधले निवडावे. हाक मारली असता कुतूहलाने जवळ येणारे पिल्लू बहुधा चांगले निघते. शक्य असल्यास त्याची आईही पाहावी. तिच्या वागण्यावरून पिल्लाच्या स्वभावाचा अंदाज येतो. घरी आणल्यावर पहिली शिकवण द्यावी ती हाकेसरशी परत येण्याची. ती मारून येत नाही. गोड शब्द, खाऊचा तुकडा आणि चिकाटी यांनी येते.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र वर्षांचा आहे. कुत्रा साधारणपणे १० ते १४ वर्षे जगतो. आज १२ वर्षांच्या मुलाने पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा तो मुलगा २२ ते २६ वर्षांचा झालेला असेल. मधल्या काळात शाळा संपेल, कदाचित शिक्षणासाठी गाव सुटेल. तेव्हा त्या कुत्र्यास जेवण कोण देईल? त्याच्या अंगावरील गोचिडे कोण काढील? दवाखान्यात कोण नेईल? हे प्रश्न पिल्लू आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून सोडवावे. ज्यांनी ते सोडविले नाहीत, त्यांचीच कुत्री पुढे कोठेतरी हमरस्त्यावर मोटारीतून उतरवून सोडली जातात. असा कुत्रा ज्या दिशेने गाडी गेली, त्या दिशेस तोंड करून दिवसचे दिवस उभा राहतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याप्रमाणे पाळीव जनावरास असे टाकून देणे हा अपराध आहे. पण कायदा नसता, तरी तो अपराधच ठरला असता.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराची कथा येते. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडल्यावर त्याच्यासोबत एक कुत्राच उरला. स्वर्गाचा रथ समोर उभा राहिला, तेव्हा कुत्र्यास सोडून ये असे इंद्राने सांगितले. पण आपल्या आश्रयास आलेल्या त्या मुक्या जिवास सोडून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराने नाकारला. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, त्याचे केस कसे होते, हे कोणी विचारीत नाही. त्याला शेवटपर्यंत सोडले नाही, एवढेच सर्वांच्या स्मरणात राहिले आहे. घराजोगा कुत्रा निवडण्याची खरी कसोटीही हीच होय. जो आपल्या घरी सुखाने जगू शकेल आणि ज्याला आपण शेवटपर्यंत सांभाळू शकू, तोच कुत्रा आपला.